साठावरची जागा

तुर्दाकुन म्हणाला, गाडी विचार करते.
पाय दाबला की आधी गप्प,
मग एक आवंढा गिळते,
मग जाते.
डोलोनच्या चढावर मागे कोळशाचा ट्रक असताना
एवढा विचार परवडत नाही, मुली.

नारीनमधल्या सगळ्यांचे हात तिला लागून गेले होते.
एर्किनने प्लग बदलले, त्याच्या मेव्हण्याने फिल्टर.
पेट्रोलच वाईट, असं म्हणणारे पंपावरच तिघं भेटले,
त्यातला एक पंपाचा मालक.
पैसे गेले. मागचे पाढे पंचावन्न.

मी आधी काहीच उघडलं नाही.
त्यांच्या शेजारी बसून नदीकाठाने पुलापर्यंत गेले,
रस्त्याकडे नाही, त्यांच्या बुटाकडे बघत.
कधी अडते?
नेहमी.
नेहमी नव्हतं ते.
उभी असताना नाही. पूर्ण दाबल्यावरही नाही.
मधेच, एका ठरलेल्या जागी,
अंधारात जिना उतरताना
एक पायरी कमी निघावी तशी.

उणे अकरा. बॉनेट उघडं.
रबरी नळी कानाला लावून फटींचा सुस्कारा शोधला.
नव्हता.
इंधनाचा दाब मोजला. तक्रार करण्यासारखा नव्हता.
मग बापाचा जुना मीटर काढला,
तपकिरी डबा, काचेवर तडा, आत खरी सुई.
आकडेवाले मीटर उड्या मारतात,
सुईला लपवता येत नाही.

झडप हाताने उघडत गेले, मुंगीच्या पावलांनी.
सुई चढली, चढली,
आणि धपकन शून्यावर.
पुन्हा वर, जसं काही झालंच नाही.
तीनदा केलं. तीनदा तिथेच.

किती वेगाने चालवता?
साठ.
रस्ता मोकळा असला तरी?
मागे पेट्या असतात ना.
अट-बाशीहून वरच्या कुरणापर्यंत मधमाश्या.
साठाच्या वर गेलो की आवाज बदलतात,
खाली आलो की त्यांना उकडतं.
सोळा उन्हाळे.
हिवाळ्यात तर पेट्या नसतात, मी म्हटलं.
नसतात, ते म्हणाले, पण पाय असतो ना.

सेन्सरचं झाकण नखाने निघालं.
आत काजळी पट्टी, तिच्यावरून फिरणारा पितळी काटा,
आणि एका जागी, नखभर,
पट्टीच नाही. खालचं प्लास्टिक उघडं.
सोळा वर्षं एकाच जागी टेकलेला पाय
तिथे असा दिसत होता.
काटा तिथे आला की त्याच्या पायाखालची वाट जायची.
गाडीला कळेना, माणूस दाबतोय की सोडतोय.
तिने थांबावं नाही तर काय करावं?

नवा भाग बिश्केकला, चार दिवस,
आणि त्यांना शुक्रवारी नातीला दवाखान्यातून आणायचं होतं.
मी भुवयांचा चिमटा घेतला
आणि काट्याला बाजूला वाकवलं. केसभर.
श्वास धरून, कारण पितळ एकदाच माफ करतं.
जुन्या वाटेशेजारी काळीभोर पट्टी होती,
चकचकीत, कुणीच न चाललेली.

सुई या वेळी थेट टोकापर्यंत गेली.
तुर्दाकुनने टोपी काढली, पुन्हा घातली.
पैसे विचारले, मग अर्धे दिले,
अर्ध्याचा मध. पांढरा, चरबीसारखा घट्ट,
त्यात एक पंख अडकलेला.

पुढच्या आठवड्यात फोन आला, डोलोनवरून.
वारा एवढा की निम्मे शब्द त्यालाच गेले.
आता विचार करत नाही, ते ओरडले.
किती वेगाने आलात?
थोडा वेळ नुसता वारा.
साठ.

असू दे.
पट्टीच्या कडेला आणखी एक केसभर जागा आहे.
झाकण लावण्याआधी मी पाहून ठेवलीय.